पन्नाशीचा ट्रेक: वाढदिवस श्रावणात, हिमालय कार्तिकात

प्रश्न: येत्या ऑगस्टमध्ये मला पन्नास पूर्ण होतील. (कागदोपत्री 1 जून, आमच्या वेळच्या मास्तरांची कृपा. खरा वाढदिवस नागपंचमीच्या आसपास येतो.) मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. महिन्याकाठी एखादा गड होतो, हिमालयात मात्र एकदाही गेलेले नाही. बरोबर नवरा असेल, वय 54. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गड उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो. शिवाय दोन मैत्रिणी. मनात तीन नावं आहेत: एव्हरेस्ट बेस कॅम्प, अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि लडाखची मारखा व्हॅली. ऑगस्टात जेमतेम 10 दिवस मिळतील, भाऊबिजेनंतर रजा जोडून 18. वाढदिवस वरच, हिमालयात करायचा असा हट्ट आहे. काय निवडू?
एक वाचक, सातारा

ताई, आधी तारीख आणि ट्रेक यांची फारकत करा. तुमच्या तीन नावांपैकी दोन ऑगस्टात बादच होतात. नेपाळात तेव्हा पावसाळा ऐन भरात असतो. एव्हरेस्टची वाट जिथून सुरू होते त्या लुक्लाची विमानं ढगांमुळे दिवसचे दिवस उडत नाहीत, अन्नपूर्णेच्या वाटेवर खालच्या जंगलात जळवा आणि दरडी, आणि ज्यासाठी जायचं ती शिखरं ढगात. जाणारे जातात, पण पहिल्याच हिमालयवारीला हा जुगार खेळू नये.

उरली मारखा. लडाख पर्जन्यछायेत असल्यामुळे ऑगस्ट हा तिथला खरा हंगाम. (पर्जन्यछाया म्हणजे पाऊसच नाही असं समजू नका, 6 ऑगस्ट 2010 च्या ढगफुटीने लेह शहराची दैना केली होती.) मारखाची वाट सुंदर आहे. गावागावांत घरगुती मुक्काम मिळतो, तंबूत राहावं लागतं ते थाचुंगत्से आणि निमालिंगला. अडचण दिवसांची आहे. विमान तुम्हाला तासा-दोन तासांत थेट 3,500 मीटरवरच्या लेहला नेऊन सोडतं, म्हणून तिथे तीन रात्री काढाव्याच लागतात. चौथ्या दिवशी चालायला सुरुवात. स्क्यू, मारखा, हांकर, थाचुंगत्से, निमालिंग असे मुक्काम करत कोंगमारू ला ही खिंड ओलांडून शांग सुमदोला उतरायला आणि तिथून गाडीने लेहला यायला नववा दिवस उजाडतो, दहाव्या दिवशी परतीचं विमान. म्हणजे तुमचे 10 दिवस संपले आणि हाताशी एकही दिवस शिल्लक नाही. साताऱ्याहून विमानतळ गाठायचा वेळ तर यात धरलेलाच नाही.

अशा वेळी लोक काय करतात, तर लेहची एक रात्र कापतात, नाहीतर थाचुंगत्सेचा मुक्काम गाळून हांकरहून एका दिवसात निमालिंग गाठतात. हांकर सुमारे 4,000 मीटरवर, निमालिंग 4,800 च्या आसपास. झोपण्याची उंची एका दिवसात 800 मीटरने वाढली की रात्री डोकेदुखी आणि उलट्या ठरलेल्या. शिवाय शेवटच्या दिवशी 5,200 मीटरच्या वर असलेल्या खिंडीतून जवळजवळ दीड हजार मीटर उतार आहे, तोही दगडगोट्यांच्या घळीतून. तुमच्या यजमानांच्या गुडघ्याची खरी परीक्षा तिथेच होईल. मारखा कधीतरी 13 दिवस काढून करा, 10 दिवसांत नको.

आता अन्नपूर्णा की एव्हरेस्ट? अन्नपूर्णा बेस कॅम्प 4,130 मीटरवर, एव्हरेस्टचा 5,364 वर. तेव्हा अन्नपूर्णा सोपा, हे गणित जो तो मांडतो. फुप्फुसांपुरतं ते बरोबर आहे, गुडघ्यांपुरतं चूक. अन्नपूर्णेची वाट दगडी पायऱ्यांची आहे. छोमरोंग गावातून नदीपर्यंत पायऱ्या उतरायच्या, पुन्हा सिनुवाकडे चढायच्या आणि परतीला हेच सगळं उलटं. घोरेपाणी मार्गे गेलात तर उल्लेरीच्या तीनेक हजार पायऱ्या वेगळ्या. पायरीची उंची दगड ठरवतो, तुमचं पाऊल नाही, आणि उतरताना प्रत्येक पायरीला सगळा भार एका गुडघ्यावर येतो. एव्हरेस्टची वाट बहुतेक ठिकाणी रुंद, मातीची, याकांच्या रहदारीची आहे. तिथे त्रास होतो तो हवेचा, आणि त्यावर उपाय आहे: दिवस. ते तुमच्याकडे 18 आहेत.

म्हणून आमचं मत: भाऊबीज घरी करा, मग एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघा. अट एकच, यजमानांना त्यांच्या डॉक्टरांनी होकार द्यायला हवा. त्याबद्दल पुढे.

दिवसांचा हिशेब असा. पहिला दिवस मुंबई ते काठमांडू. दुसरा परवाने आणि खरेदीचा. त्याच रात्री एक-दोनच्या सुमारास गाडीने रामेछापला निघायचं, कारण गर्दीच्या हंगामात लुक्लाची बहुतेक विमानं काठमांडूऐवजी तिथून सुटतात आणि रस्ता चार-पाच तासांचा आहे. तिसऱ्या दिवशी लुक्ला (सुमारे 2,850 मीटर), तिथून उतरत फाकदिंग. चौथ्या दिवशी नामचे बाजार, 3,440 मीटर. पाचवा नामचेतच. सहावा तेंगबोचे, 3,860. सातवा दिंगबोचे, 4,410. आठवा तिथेच. नववा लोबुचे, 4,940. दहाव्या दिवशी गोरक्षेप (5,164) गाठून सामान टाकायचं, बेस कॅम्पला जाऊन परत यायचं. अकराव्या दिवशी पहाटे काला पत्थरची टेकडी आणि मग खाली फेरिचेपर्यंत. बारावा नामचे, तेरावा लुक्ला, चौदावा काठमांडू, पंधरावा मुंबई. उरलेले तीन दिवस कुठेही खर्ची घालू नका. एक जाताना विमान न उडाल्यास, एक वर कुणाला बरं नसल्यास, एक परतताना. लुक्लाची धावपट्टी अवघी 527 मीटरची आणि चढावर आहे. विमानं सकाळीच उडतात, दुपारी वारा आणि ढग आले की कारभार बंद. पंधरा दिवसांचं पॅकेज विकणारे हे तीन दिवस दाखवत नाहीत, म्हणून ते स्वस्त आणि आटोपशीर दिसतं.

नामचे आणि दिंगबोचेला दोन-दोन रात्री का, तेही समजून घ्या, कारण पाचव्या दिवशी सगळ्यांना छान वाटत असतं आणि कुणीतरी म्हणतंच, ‘चला की पुढे.’ तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा दंडक आहे. फाकदिंग ते नामचे ही उडी 800 मीटरच्या वरची, तेंगबोचे ते दिंगबोचे साडेपाचशेची. शरीराला ते उधार फेडायला दुसरी रात्र लागते. विश्रांतीच्या दिवशी लोळायचं मात्र नाही. तीनेकशे मीटर वर चढून, तासभर थांबून, पुन्हा खाली येऊन झोपायचं.

उंचीच्या त्रासाचा आणि दमसासाचा संबंध फार थोडा. रोज पळणारा माणूस नामचेला आडवा होतो, आणि रमतगमत येणारी आजी पुढे जाते, ते याचमुळे. तगडी माणसं भरभर चढतात आणि शरीराला वेळच देत नाहीत. डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी वर चढायचं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर खाली. सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता येत नसेल, बोलणं असंबद्ध होत असेल, किंवा बसल्याजागी धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण संध्याकाळी चौघांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्याचा खेळ टाळा. त्यातून भीतीशिवाय काही निष्पन्न होत नाही.

डायमॉक्स, म्हणजे असिटाझोलामाइड, हे उंचीच्या त्रासावरचं औषध. प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, हे अपेक्षितच असतं. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. यजमानांच्या बाबतीत रक्तदाबाच्या गोळीचं पाकीटच दाखवा. बऱ्याच गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं असतं आणि त्यावर डायमॉक्स घेतलं तर शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही घसरू शकतं. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, मग चढावर दम लवकर लागतो. ईसीजी आणि ट्रेडमिलवरची ताणचाचणी करून घ्या. गोळी बदलायची झाली तर ती निदान दोन महिने आधी, म्हणजे नवीन गोळीवर गड चढून पाहता येतील. डॉक्टर नको म्हणाले तर वाद घालू नका. तेंगबोचेपर्यंत जाऊन परतण्याचा आठ-नऊ दिवसांचा ट्रेकही देखणा आहे, आणि तिथल्या गोंपासमोरून, म्हणजे बौद्ध मठासमोरून, एव्हरेस्ट, ल्होत्से आणि अमा दबलम तिन्ही दिसतात. खुद्द बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही, हे पुष्कळांना तिथे पोहोचल्यावर कळतं. ते पाहायला काला पत्थरच चढावं लागतं. फोटोत दिसतात ते पिवळे तंबूही वसंतातल्या मोहिमांचे असतात. शरदात तिथे दगड, बर्फ आणि पताका.

आता ऑगस्टचं काय? वाढदिवसाला पन्हाळगड ते पावनखिंड करा. साधारण 45 ते 50 किलोमीटर, दोन दिवस. जुलैत तिथे जथे लोटतात, ऑगस्टात वाट जरा मोकळी असते. पन्हाळ्यावरून म्हाळुंगे, मग मसाई पठार, पुढे वाड्यावाड्यांतून खोतवाडी, करपेवाडी करत पांढरेपाणी आणि खिंड. मुक्काम वाडीतल्या एखाद्या घरात, जेवणाचं आधी सांगून ठेवायचं. चिखल घोट्यापर्यंत, जळवा भरपूर (मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, ओढून काढू नका), मसाईवर धुकं उतरलं की दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, म्हणून वाटाड्या हवाच. वाढदिवस साजरा होईल आणि परीक्षाही होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघांकडे नीट पाहा. कुणाच्या टाचेला फोड आलाय, कुणाचा गुडघा सुजलाय, कोण न कुरकुरता उठलंय. पहिल्या दिवशी पुढचा आणि मागचा यांच्यात तासाभरापेक्षा जास्त अंतर पडलं असेल तर नेपाळात दोन सहायक लागतील, हेही तिथेच ठरवा.

तयारीसाठी तुम्हाला साताऱ्याबाहेर जायची गरज नाही. अजिंक्यतारा शहरापासून साधारण 300 मीटर उंच आहे. पाठीवर ओझं घेऊन एका सकाळी दोनदा चढलात की नामचेखालच्या झुलत्या पुलापासून नामचेपर्यंतची शेवटची चढाई झाली, फरक फक्त हवेचा. जूनअखेरीपासून आठवड्यातून दोन दिवस हे करा. आधी 4 किलो, दर दोन आठवड्यांनी एक-एक किलो वाढवत 8 पर्यंत. चढताना बोलता येईल इतकाच वेग. वाक्य तुटायला लागलं की हळू व्हा. सप्टेंबर-ऑक्टोबरात निदान चार वेळा शनिवार-रविवार लागोपाठ चाला, कारण ताज्या पायांनी एक गड कुणीही मारतो. ट्रेकमध्ये आदल्या दिवसाचे दुखरे पाय घेऊन निघायचं असतं. निघण्याआधीचे दहा दिवस ओझं बाजूला ठेवून नुसतं फिरा.

गुडघ्यासाठी घरातल्या जिन्याची सगळ्यात खालची पायरी पुरे. तिच्यावर दुखऱ्या पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाची टाच तीन मोजत सावकाश जमिनीला टेकवायची, मग पुन्हा वर. दहाच्या तीन फेऱ्या, एक दिवसाआड. गुडघा आतल्या बाजूला वळता कामा नये, आरशात पाहा. उतार सोसायची ताकद मांडीच्या पुढच्या स्नायूत असते आणि ती उतरूनच येते. नुसतं चढून, गाडीने खाली आलात तर काही उपयोग नाही. काठ्या दोन घ्या, एक नको. उतरताना त्यांची लांबी पाच-सात सेंटिमीटरने वाढवा. हे सगळं पन्हाळ्याला वापरून झालेलं असावं. नामचेखालचा सहाशे मीटरचा उतार ही काठ्या शिकण्याची जागा नव्हे.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, आणि संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून पाहून घ्या. उतारावर पाऊल पुढे सरकतं, अंगठा बुटाला आपटतो आणि नख काळं पडतं. नखं कापलेली आणि घोट्याजवळची नाडी घट्ट असली की हे टळतं. पन्हाळ्याच्या चिखलात मात्र हे महागडे बूट घालू नका.

लुक्लाच्या विमानात सामानाची मर्यादा माणशी 15 किलोच्या आसपास असते. दोघांत एक हमाल धरला तर प्रत्येकाची बॅग 10 किलोंच्या आत हवी. गोरक्षेपला त्या दिवसांत रात्री उणे 10 ते उणे 15 अंश सहज होतात, म्हणून उबदार जाकीट आणि झोपायची पिशवी चांगली हवी. या दोन्ही वस्तू काठमांडूला ठमेलमध्ये भाड्याने मिळतात. वरच्या लॉजमध्ये शेगडी फक्त जेवणाच्या खोलीत, झोपायच्या खोल्यांच्या भिंती प्लायवूडच्या. मोबाइलची आणि विजेरीची बॅटरी रात्री पांघरुणात घ्या, थंडीत ती बसते. पाणी दिवसाला तीन लिटर, शुद्धीकरणाची गोळी टाकून अर्धा तास थांबायचं, गार पाण्यात त्याहून जास्त. खाण्यात दाल-भातच धरून राहा, हवा तितका वाढतात. नामचेच्या वर मांस टाळा, ते खालून दिवसचे दिवस पाठीवरून आलेलं असतं. वर भूक मरते, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट न्या, चार घास जास्त जातात.

वाढदिवसाचा कार्यक्रम काला पत्थरवर ठेवू नका. तिथे पहाटे, वाऱ्यात, साडेपाच हजार मीटरवर दहा मिनिटं उभं राहणंही जिवावर येतं. दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री, शेगडीभोवती करा. कंदी पेढे नेणारच असाल तर पाकीट तासभर आधी शेगडीजवळ ठेवा, नाहीतर दगड फोडावा लागेल. केकच हवा तर नामचेत बेकऱ्या आहेत. मद्य खाली परत येईपर्यंत नको.

भाऊबिजेच्याच दिवशी नेपाळात भाईटीका असते आणि तिहारचा सण संपतो. सणाला हमाल आणि वाटाडे गावी गेलेले असतात, पुढचे दोन-तीन दिवस माणसं कमी पडतात. म्हणून त्यांची सोय निदान दोन महिने आधी पक्की करा, आणि वाटाड्याबरोबर एक सहायक वाटाड्या मागा. यजमानांना दिंगबोचेहून परतावं लागलं तर सहायक त्यांच्याबरोबर जाईल, तुम्ही तिघी पुढे जाल. हे निघण्यापूर्वीच, घरात बसून, चौघांनी मान्य करून टाका. वर गेल्यावर ‘मी एकटा कशाला उतरू’ आणि ‘तुम्हाला सोडून मी कशी जाऊ’ यात कुणाची तरी तब्येत बिघडते.

कागदपत्रांत पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल. तुमच्या वयाला नेपाळसाठी आधार कार्ड चालत नाही. सार्क देशाचे नागरिक म्हणून उद्यानाच्या परवान्यात सवलत मिळते. विम्याच्या अर्जावर पासपोर्टवरचीच जन्मतारीख लिहा, म्हणजे 1 जून. खरी तारीख लिहिली तर दाव्याच्या वेळी विनाकारण पत्रव्यवहार लागेल. घरची मेडिक्लेम पॉलिसी परदेशात बहुधा चालत नाही आणि साध्या प्रवासविम्यात ट्रेकिंग वगळलेलं असतं, म्हणून 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरने सुटका हे दोन्ही शब्द पॉलिसीत स्वतः वाचा. रक्तदाब लपवू नका. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी विमा कंपनीला फोन करावा लागतो. तो नंबर चौघांकडे कागदावर असू द्या. नामचेच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे, लागेल ती रोकड काठमांडूतच नेपाळी करून घ्या.

पैसे गुंतवण्याचा क्रम: आधी यजमानांची तपासणी, मग काठमांडूचं तिकीट, मग वाटाडे आणि लुक्ला, मग विमा. परतीचं मुंबईचं तिकीट अठराव्या दिवसाचं काढा, तारीख बदलता येईल असं. शिलकीतले दिवस उरलेच तर काठमांडूजवळ पाटण आणि भक्तपूर आहेत, दोन्ही सपाट.